फायरफॉक्सचं बीटा टाकून बघावं का, आणि ब्रेव्ह, एज, विवाल्डी यांच्यात खरंच काही फरक असतो का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: आठ वर्षं क्रोम वापरताय, लॅपटॉप विंडोजचा आहे, रॅम ४ जीबी. जाहिराती अडवणारं तुमचं युब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शन (ब्राउझरला वरून जोडायचा छोटा प्रोग्राम) नव्या क्रोममध्ये बंद पडलं, म्हणून फायरफॉक्सचं बीटा, म्हणजे चाचणीसाठी आधीच बाहेर काढलेलं व्हर्जन, टाकून बघायचं मनात आहे. बुकमार्क-पासवर्ड जातील का, आणि त्याऐवजी ब्रेव्ह, एज किंवा विवाल्डी घेतलेलं बरं का, हे विचारलंय.

जरूर टाकून बघा. फक्त आहे त्याच्यावर टाकू नका, त्याच्या शेजारी टाका.

मी नाशिकला सिडकोत ऑनलाइन फॉर्म आणि प्रिंटआउटचं दुकान चालवते. चार मशीन आहेत आणि दिवसभर चारही मशीनवर ब्राउझरच उघडा असतो. सातबारा, दाखले, प्रवेशाचे फॉर्म, रेल्वेची तिकिटं, अंबडच्या छोट्या ठेकेदारांची टेंडरं. नव्या व्हर्जनने काय सुधारलं आणि काय बिघडवलं, हे मला थेट गिऱ्हाइकासमोरच कळतं.

शेजारी टाका म्हणते त्याला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये, प्रवेशांच्या ऐन गर्दीत, मी मुख्य मशीनवर एका ब्राउझरचं चाचणीचं व्हर्जन नेहमीच्या व्हर्जनवरच टाकलं. दुसऱ्या दिवशी एका साइटवर कागदपत्र अपलोड करायचं बटण दाबलंच जाईना. घाईघाईत जुनं व्हर्जन परत टाकलं, तर ते आधीचं प्रोफाइल, म्हणजे बुकमार्क, पासवर्ड, सेटिंग ठेवलेलं फोल्डर, उघडायला तयार होईना. बुकमार्क दिसेनात, पासवर्ड दिसेनात, बाकावर सहा-सात पालक बसलेले आणि एका मुलीच्या फॉर्मची मुदत संध्याकाळी पाचची. फॉर्म दुसऱ्या मशीनवरून चार चाळीसला गेला. माझा डेटा खरं तर डिस्कवरच होता, नवं व्हर्जन पुन्हा टाकल्यावर सगळा दिसला. पण त्या मुलीचे वडील हातात मार्कशीट धरून दर दोन मिनिटांनी घड्याळाकडे बघत होते, ते मी विसरलेले नाही.

झालं असं की नवं व्हर्जन प्रोफाइलमधल्या फाइलींची मांडणी बदलतं आणि जुन्याला ती वाचता येत नाही. फायरफॉक्समध्ये २०१९ च्या ६७ व्या व्हर्जनपासून अशा वेळी सरळ अडवलं जातं आणि नवीन प्रोफाइल बनवायला सांगितलं जातं. त्रास वाटतो, पण त्यामुळे जुना डेटा खराब होत नाही. म्हणून बीटाच बघायचं असेल तर फायरफॉक्सचं डेव्हलपर एडिशन घ्या. ते बीटावरूनच तयार होतं, वेगळ्या फोल्डरमध्ये बसतं आणि स्वतःचं वेगळं प्रोफाइल बनवतं. क्रोमचं बीटाही नेहमीच्या क्रोमशेजारी वेगळं राहतं.

तरीही तुमचा एकच लॅपटॉप आहे आणि त्यावरच काम आहे, तर मी तुम्हाला साधं फायरफॉक्सच घ्या म्हणेन. क्रोम काय आणि फायरफॉक्स काय, नवीन व्हर्जन दर काही आठवड्यांनी येतंच. बीटामधलं बहुतेक सगळं महिनाभरात तुमच्याकडे आपोआप येणार आहे. बीटा लोकांच्या हातात द्यायचं खरं कारण आहे मोडणाऱ्या साइट आधी सापडाव्यात. २०२२ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स दोघांचंही व्हर्जन १०० वर गेलं, तेव्हा काही साइट पहिले दोनच आकडे वाचून ‘हे तर व्हर्जन १०, फार जुनं’ असं समजतील ही भीती होती. म्हणून दोन्ही कंपन्यांनी महिनोन्‌महिने आधी चाचण्या घेतल्या. असलं काही शोधून कळवायची हौस असेल तर बीटा जरूर वापरा, ते मोलाचं काम आहे. नुसता वेग हवा म्हणून बीटा घेऊ नका.

आता पर्यायांकडे. एज, ब्रेव्ह, विवाल्डी, ऑपेरा ही नावं वेगवेगळी, पण आतलं इंजिन, म्हणजे पानाचा कोड वाचून ते पडद्यावर मांडणारा भाग, एकच: क्रोम ज्यावर बनतो त्या क्रोमियममधलं ब्लिंक. ऑपेराने स्वतःचं इंजिन २०१३ मध्ये सोडलं, मायक्रोसॉफ्टने एज २०२० मध्ये क्रोमियमवर आणला. विंडोजवर रोज वापरता येईल असा खरोखर वेगळ्या इंजिनचा मोठा ब्राउझर एकच उरलाय, फायरफॉक्स. त्याचं इंजिन गेको.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. २००५ च्या आसपास ज्यांनी मराठी वर्तमानपत्रं नेटवर वाचली त्यांना आठवत असेल: प्रत्येक पेपरचा वेगळा फॉन्ट, आणि बरेचसे पेपर इंटरनेट एक्सप्लोररमध्येच नीट दिसायचे. दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडलं की पानभर चौकोन आणि उलटीसुलटी रोमन चिन्हं. फायरफॉक्ससाठी तेव्हा पद्मा नावाचं एक्स्टेन्शन होतं, ते असा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्याच चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, बदलून दाखवायचं. आपली भाषा एका कंपनीच्या एका ब्राउझरला बांधली गेली होती. आता काही साइटवर ‘कृपया क्रोममध्येच उघडा’ अशी पाटी दिसते तेव्हा मला ते दिवस आठवतात. दुकानात मी फायरफॉक्स कायम ठेवते ते मुख्यतः यासाठी. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा गूगलच्याच सर्च करारातून येतो, हे मला माहीत आहे. तरी इंजिन त्यांचं स्वतःचं आहे.

तुमचं एक्स्टेन्शन का बंद पडलं ते सांगते. क्रोमने एक्स्टेन्शनसाठी मॅनिफेस्ट व्ही३ नावाचे नवे नियम आणले आणि २०२४-२५ मध्ये जुन्या नियमांवरची एक्स्टेन्शनं टप्प्याटप्प्याने बंद केली. आधी एक्स्टेन्शन पानाकडून जाणारी प्रत्येक मागणी स्वतः तपासून जागच्या जागी अडवू शकायचं. आता त्याने नियमांची यादी आधीच ब्राउझरच्या हातात द्यायची आणि अडवायचं काम ब्राउझरने करायचं. युब्लॉक ओरिजिन लाइट या पद्धतीवर चालतं, साध्या जाहिरातींना ते पुरतं, पण मूळ युब्लॉकची ताकद त्याला नाही. फायरफॉक्समध्ये मूळ युब्लॉक अजून पूर्ण चालतं. ब्रेव्हची जाहिराती अडवायची सोय एक्स्टेन्शनमध्ये नसून ब्राउझरमध्येच बांधलेली आहे, त्यामुळे तिला या बदलाचा धक्का लागला नाही. तेव्हा तुमचं मूळ दुखणं एवढंच असेल तर उत्तर फायरफॉक्स किंवा ब्रेव्ह.

४ जीबी रॅमबद्दल मात्र खोटी आशा दाखवणार नाही. २०१८ मध्ये स्पेक्टर नावाची प्रोसेसरमधली त्रुटी उघड झाली. त्यानंतर क्रोमने प्रत्येक साइट वेगळ्या प्रोसेसमध्ये (मेमरीतल्या स्वतंत्र कप्प्यात) ठेवायला सुरुवात केली, म्हणजे एका साइटला दुसरीची माहिती चोरता येऊ नये. त्याने मेमरी १० ते १३ टक्के जास्त लागते असं गूगलनेच तेव्हा सांगितलं होतं. फायरफॉक्सनेही पुढे तेच केलं. ही मेमरी सुरक्षेसाठी खर्च होते, ती कुठल्याच चांगल्या ब्राउझरमध्ये वाचणार नाही. माझ्याकडे ४ जीबीचं एक मशीन आहे, त्यावर तेच बारा टॅब आलटून पालटून सगळ्या ब्राउझरमध्ये उघडून बघितले. ब्राउझर बदलल्याने जेवढा फरक पडला त्याहून कितीतरी जास्त जाहिराती अडवल्याने पडला. बातम्यांचं एक पान, जाहिरातींसकट आणि जाहिरातींशिवाय, एवढं जरी तुम्ही बघितलंत तरी पटेल. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, कुठला टॅब किती खातोय ते समोर येतं. मेमरी संपत आली की फायरफॉक्स न वापरलेले टॅब आपोआप उतरवतो. क्रोममध्ये मेमरी सेव्हर आहे, एजमध्ये टॅब झोपवायची सोय आहे. ती चालू आहे का एवढं पाहून घ्या.

वेगाच्या चाचण्यांचे आकडे बघत बसू नका, तुमचं आठवड्याचं काम क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हीकडे करून बघा. माझ्या दुकानातली खरी चाचणी पावसाळ्यात होते. लाइट जाते, यूपीएसची बॅटरी म्हातारी झालेली, मशीन धाडकन बंद. परत चालू केल्यावर काय काय जागेवर आहे? टॅब दोन्ही ब्राउझर परत आणतात. पण फायरफॉक्स दर १५ सेकंदांनी नोंद करत असतो आणि अर्धवट भरलेला मजकूरही पुष्कळदा जसाच्या तसा परत देतो. अर्ध्या फॉर्मवर लाइट गेलेल्या माणसाला ‘नाव, पत्ता आहे, पुढचं सांगा’ असं म्हणता येणं ही केवढी सोय आहे! लॉगिनची वेळ संपली असेल तर मात्र कुठलाच ब्राउझर काही करू शकत नाही.

आणि आता जी गोष्ट तुलनेच्या व्हिडिओंमध्ये मी कधीच पाहिली नाही ती. माझे सासरे, आम्ही त्यांना नाना म्हणतो, दुपारी दुकानात येऊन चौथ्या मशीनवर मराठी पेपर वाचतात. अक्षरं बारीक. पान झूम केलं की इंग्रजी मथळे, चित्रं, मेनू सगळंच फुगतं आणि ओळी कडेला जातात. “अगं, मला मराठीच तेवढं मोठं हवंय,” ते म्हणाले. फायरफॉक्समध्ये हे होतं. सेटिंगमध्ये फॉन्टच्या ठिकाणी ॲडव्हान्स्ड उघडलं की वर लिपींची यादी येते, त्यात देवनागरी निवडायची आणि फक्त तिच्यासाठी फॉन्ट, आकार आणि कमीत कमी आकार ठरवायचा. मी नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट निवडून कमीत कमी आकार २० ठेवला. नानांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि अग्रलेख वाचायला घेतला. क्रोमच्या सेटिंगमध्ये असा लिपीवार कप्पा नाही, तिथे सगळ्यांना मिळून एकच आकार. एक अडचण सांगून ठेवते: पान बनवणाऱ्याने त्याची भाषा मराठी म्हणून नोंदवलेली नसेल तर आकाराचं हे सेटिंग लागू होत नाही, आणि इंग्रजी म्हणून नोंदवलेली मराठी पानं अजून बरीच आहेत. जोडाक्षरांची चिंता नको. ‘दुसऱ्या’तला अर्धा ऱ किंवा ‘ऱ्हस्व’ दोन्हीकडे नीट दिसतो, कारण अक्षरं जुळवायचं काम दोन्हीकडे हार्फबझ नावाचं एकच सॉफ्टवेअर करतं. डोळ्यांना फरक वाटतो तो फॉन्टचा.

एज काढून टाकू नका. काही जुनी टेंडरची आणि कार्यालयीन पोर्टलं अजून इंटरनेट एक्सप्लोररसाठी लिहिलेली आहेत. एक्सप्लोरर २०२२ मध्ये बंद झाला, पण एजमधल्या आयई मोडमध्ये ती पोर्टलं उघडतात, आणि तो मोड किमान २०२९ पर्यंत ठेवू असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय. यूएसबीने जोडलेल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डवर थेट वेब पानातून प्रोग्राम चढवायचा असेल, तर त्यासाठीही पुष्कळदा क्रोमियमचाच ब्राउझर लागतो, फायरफॉक्सला वेबयूएसबी (वेब पानाला यूएसबी उपकरणाशी थेट बोलू देणारी सोय) नाही. विवाल्डी सुंदर आहे, टॅबची थप्पी, नोट्स, मेल सगळं आत आहे, पण ४ जीबीवर मला तो जड वाटला. ब्रेव्ह हलका वाटतो, फक्त पहिल्याच दिवशी त्यातले क्रिप्टो आणि रिवॉर्डचे भाग सेटिंगमधून लपवा. सही तपासायची असेल तर डिजिटल सातबारा कुठल्याच ब्राउझरमध्ये बघू नका, त्यासाठी ॲक्रोबॅट रीडर लागतो, नाहीतर प्रश्नचिन्ह पाहून लोक उगाच घाबरतात.

फोनवरही बदलायचं असेल तर अँड्रॉइडच्या फायरफॉक्समध्ये युब्लॉक टाकता येतं. आयफोनवर आपल्याकडे कुठलाही ब्राउझर घेतला तरी आत ॲपलचं वेबकिट हेच इंजिन असतं.

बुकमार्क आणि पासवर्ड जाणार नाहीत. फायरफॉक्स पहिल्यांदा उघडल्यावर क्रोममधून आणू का असं विचारतो, बुकमार्क आणि हिस्टरी सहज येतात. पासवर्ड आले नाहीत तर क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरमधून सीएसव्ही फाइल काढा आणि ती फायरफॉक्समध्ये घ्या. क्रोममधलं मूळ सगळं तिथेच राहतं. पण त्या सीएसव्हीत तुमचा प्रत्येक पासवर्ड साध्या अक्षरांत लिहिलेला असतो, नोटपॅडमध्येही उघडतो. गेल्या वर्षी एक कॉलेजचा मुलगा माझ्या मशीनवर अशी फाइल डाउनलोड करून तशीच ठेवून गेला, त्यात त्याच्या वडिलांच्या बँकेचाही पासवर्ड होता. फोन करून त्याला परत बोलावलं, त्याच्यासमोर फाइल शिफ्ट-डिलीटने काढली आणि तिथेच बसून बँकेचा पासवर्ड बदलायला लावला. तुम्ही हे काम घरच्या लॅपटॉपवरच करा, आणि पासवर्ड फायरफॉक्समध्ये दिसले की त्याच मिनिटाला ती फाइल काढा.