परदेशातून घरच्या व्हीपीएनला जोडताना: अडचण पुण्याच्या टोकाला असते

ऑक्टोबरमध्ये जर्मनीत श्टुटगार्टला जाण्यापूर्वी पुण्यात आई-वडिलांच्या घरी वायरगार्डचा (व्हीपीएन, म्हणजे दुरून घरच्या नेटवर्कला सुरक्षितपणे जोडून घेण्याचे सॉफ्टवेअर) सर्व्हर बसवावा, असा तुमचा विचार आहे आणि तिथल्या भाड्याच्या घरातला राऊटर जोडणी अडवेल का, असे तुम्ही विचारले आहे. तो सहसा अडवत नाही. घरातल्या सगळ्या यंत्रांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवण्याच्या राऊटरच्या पद्धतीला नॅट म्हणतात. नॅटच्या आतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटची, म्हणजे माहितीच्या तुकड्याची, नोंद राऊटर आपल्या तक्त्यात ठेवतो, त्यामुळे उत्तराला परतीची वाट मिळते. बाहेरून आपणहून आलेल्या पॅकेटची अशी नोंद नसल्याने ते टाकून दिले जाते. जोडणी तुम्ही जर्मनीतून सुरू करणार, म्हणजे बाहेरून येणारे पॅकेट स्वीकारण्याची वेळ पुण्याच्या राऊटरवर येणार.

म्हणून पुण्याच्या राऊटरच्या सेटिंग्जच्या पानावरचा वॅन आयपी पत्ता (इंटरनेटच्या बाजूने राऊटरला मिळालेला पत्ता) आणि बाहेरच्या संकेतस्थळावर दिसणारा तुमचा पत्ता आजच ताडून पाहा. दोन्ही वेगळे असतील, विशेषतः पहिला १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर इंटरनेट कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवले असण्याची दाट शक्यता आहे. अशा वेळी घरच्या राऊटरवर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली पॅकेट ठरावीक यंत्राकडे वळवण्याची सेटिंग) कितीही नीट केले तरी उपयोग होत नाही, कारण त्यापुढचे नॅट कंपनीच्या ताब्यात असते. मी हे न तपासता निघालो आणि वडिलांना कित्येक रविवार फोनवरून राऊटरच्या सेटिंग्जमध्ये गुंतवून ठेवले, याचे मला आजही वाईट वाटते.

कंपनी स्थिर सार्वजनिक पत्ता देत असेल तर तो घ्या. नसेल तर सार्वजनिक पत्ता असलेला छोटा सर्व्हर भाड्याने घेऊन पुण्याचे घर आणि तुमचा लॅपटॉप, दोघांनाही त्याच्याशी आतून बाहेर जोडा. मला हाच मार्ग अधिक भरवशाचा वाटतो. त्यासाठी घरच्या यंत्रावर ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ (ठरावीक वेळाने छोटे पॅकेट पाठवत राहण्याची वायरगार्डची सेटिंग) २५ सेकंद ठेवा, म्हणजे शांत काळात राऊटरच्या तक्त्यातली नोंद पुसली जाणार नाही.

घरचे नेटवर्क १९२.१६८.१ वर असेल, म्हणजे घरातल्या यंत्रांचे पत्ते या आकड्यांनी सुरू होत असतील, तर ते १९२.१६८.५७ सारख्या कमी वापरातल्या क्रमांकावर न्या, कारण दोन्ही टोकांना एकच क्रमांक आला की लॅपटॉप घरच्या यंत्राचा शोध जवळच्याच नेटवर्कवर घेत राहतो.

शेवटी दुसऱ्या कंपनीच्या मोबाइल डेटावरून जोडून पाहा, घरातला मेन स्विच बंद करून पुन्हा चालू करा, आणि वडिलांनी कशालाही हात न लावता जोडणी परत उभी राहते की नाही, हे पुण्यात असेपर्यंत दोन-तीनदा तपासा.