जुन्या चार आसनी विमानाच्या पंखाला गंज: घासून रंगवावं की पंखच बदलावा?

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. पंखाच्या पत्र्यावर रिव्हेटांच्या (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या) आसपास रंगाला फोड आलेत, ही एक. तपासणीच्या झाकणातून टॉर्च मारल्यावर मुळाजवळ, म्हणजे पंख धडाला जोडतो तिथे, मुख्य स्पारच्या (पंखाचा भार पेलणाऱ्या आतल्या लांब तुळईच्या) खालच्या पट्टीवर पांढरी भुकटी, म्हणजे ॲल्युमिनियमचा गंज, दिसली, ही दुसरी. पहिलीमुळे पंख टाकून द्यावा लागत नाही. दुसरीमुळे लागू शकतो. तुमचा एक मेकॅनिक ‘घासून प्रायमर मारू’ म्हणतोय, दुसरा ‘जुना पंख शोधा’ म्हणतोय, पण गंज किती खोल गेलाय हे दोघांपैकी कुणीच मोजलेलं नाही. मी या कामात बरीच वर्षं आहे, आणि ते मोजमाप हातात येईपर्यंत दोघांपैकी कुणाचंही ऐकू नका असंच सांगेन.

पत्र्याचं थोडक्यात. बहुतेक लहान विमानांचा पत्रा ‘2024’ या क्रमांकाच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूचा असतो आणि त्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो, पातळ पत्र्यात दर बाजूला जाडीच्या सुमारे 5 टक्के. तो थर शाबूत असेल तर डाग साफ करून, रासायनिक लेप आणि प्रायमर देऊन काम भागतं. फार खाल्लेला भाग कापून ठिगळ लावता येतं किंवा तेवढं पॅनेल बदलता येतं. पत्रा दोन रिव्हेटांच्या मध्ये फुगलेला दिसला तर मात्र जोडाच्या आत गंज आहे असं समजा. गंजलेलं ॲल्युमिनियम मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतं आणि पत्र्याला बाहेर ढकलतं. असा जोड उघडावाच लागतो, वरून घासून काही होत नाही.

आता स्पार. उड्डाणात पंख वर वाकतो, त्यामुळे खालची पट्टी सतत ताणात असते आणि मुळाशी हा ताण सर्वांत जास्त असतो. तुम्हाला भुकटी दिसली ती नेमकी याच जागी. शिवाय साच्यातून दाबून काढलेल्या पट्टीत धातूचे कण लांबट, एका दिशेने पसरलेले असतात. गंज त्या कणांच्या सीमांवरून आत शिरला की धातू पापुद्र्यांसारखा सुटायला लागतो. वरून चिमूटभर भुकटी दिसते आणि आत जाडीचा मोठा भाग गेलेला असू शकतो.

हा धोका कागदावरचा नाही. 26 मे 2019 रोजी ऑस्ट्रेलियात माउंट आयसाजवळ सर्वेक्षण करणाऱ्या सेसना 210 चा उजवा पंख हवेत तुटला आणि विमानातले दोघेही गेले. दोन्ही पंखांना जोडणाऱ्या, केबिनवरून जाणाऱ्या आडव्या स्पारमध्ये गंजाचा एक खड्डा होता, आणि त्या खड्ड्यापासून थकव्याची, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण पडून पडणारी, चीर वाढत गेली होती. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या एफएए या विमान नियामक संस्थेने अशा विमानांच्या त्या भागाची एडी करंट तपासणी (विजेच्या प्रवाहाने धातूतल्या चिरा शोधणारी) सक्तीची केली. हे मुद्दाम सांगतोय, कारण तुम्ही नवाकोरा पंख आणलात तरी तो या आडव्या भागालाच जोडणार आहात. तो भाग आधी बघा.

मोजायचं कसं? इंधनाची टाकी स्पारला लागून असेल तर ती काढायलाच लावा. टाकी आणि स्पार यांच्यामधल्या फटीत ओल साचते आणि झाकणातून ती जागा दिसतच नाही. पंखात उंदरांचं जुनं घरटं सापडलं तर त्याखालचा धातू आधी तपासा, उंदराचं मूत्र ॲल्युमिनियमला फार वाईट. पाणी वाहून जायची भोकं बुजली आहेत का तेही बघा. मग गंज पूर्ण निघेपर्यंत साफसफाई. लोखंडी ब्रश किंवा स्टील वूल अजिबात नको, त्याचे कण ॲल्युमिनियममध्ये रुतून नवा गंज सुरू करतात. मापाच्या खुणाही शिसपेन्सिलने करू नका, ग्राफाइटही तेच करतं. चकचकीत धातू लागला की उरलेली जाडी मोजायची, बोल्टच्या भोकांभोवती एडी करंट लावायचा आणि आकडे उत्पादकाच्या मर्यादेशी ताडून बघायचे. ‘एवढं चालतं’ असं कुणी तोंडी सांगितलं तर मॅन्युअलचं पान दाखवायला सांगा.

मर्यादेत बसलं तर खड्ड्यांच्या कडा उतरत्या करून, लेप आणि प्रायमर देऊन पंख वाचतो. त्यावर गंजरोधक तेलाचा फवारा आणि दर वार्षिक तपासणीला पुन्हा नजर. मर्यादेबाहेर गेलं तर स्पार बदलणं कागदावर शक्य असतं, पण पंखाचा पीळ बिघडू नये म्हणून तो साच्यात बांधून शेकडो रिव्हेट काढावे लागतात. त्या मजुरीत बहुतेक वेळा दुसरा पंखच परवडतो. अशा वेळी मी बेधडक पंख बदला म्हणतो.

पण वापरलेला पंख घेताना घाई नको. तोही तुमच्याच विमानाच्या वयाचा असणार. रंग नवा आहे म्हणून भुलू नका, टाकी काढून त्याचाही स्पार बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि त्याचे उड्डाणाचे तास आणि देखभालीच्या नोंदी मागा. 2018 मध्ये अमेरिकेत डेटोना बीचजवळ प्रशिक्षणाच्या एका पायपर विमानाचा पंख थकव्याच्या चिरेमुळे तुटला. त्यानंतर पायपरच्या अनेक मॉडेलांवर एफएएने जी तपासणी लादली, तिच्या कक्षेत नोंदी अपुऱ्या असलेली आणि वापरलेला स्पार बसवलेली विमानंही येतात. पूर्वायुष्य माहीत नसलेल्या पंखाचा तेवढा धोका त्यांनी धरलाय. अपघातग्रस्त विमानाचा पंख असेल तर बोल्टची भोकं लांबट झाली आहेत का ते मापून घ्या.

बसवणं हे परवानाधारक इंजिनिअरचंच काम. नवे बोल्ट, मॅन्युअलप्रमाणे टॉर्क (बोल्ट आवळण्याचा ठरलेला जोर), पंखाच्या कोनाची जुळणी, मग नव्याने वजन आणि तोल, आणि नियमांप्रमाणे कामाची नोंद. पहिल्या उड्डाणात विमान एका बाजूला कलत असेल तर जुळणी पुन्हा करून घ्या, ट्रिमने (विमान सरळ ठेवायच्या छोट्या समायोजनाने) झाकू नका.

तोवर विमान जमिनीवरच ठेवा, दुसऱ्या विमानतळावरच्या वर्कशॉपपर्यंतही उडवत नेऊ नका. आणि एका पंखाची टाकी काढताच आहात, तर दुसऱ्याचीही काढा. दोन्ही पंख इतकी वर्षं एकाच हवेत उभे होते. जाडीचे आकडे आणि विमानाचं मॉडेल कळवलंत तर आणखी नेमकं सांगता येईल.