अमेरिकेत निवडणुकीला ऑनलाइन देणगी खोट्या नावाने देता येते का?

हो, येते, आणि दिलीय लोकांनी. २००८ ला ओबामांच्या प्रचाराला कुणीतरी चक्क ‘टेस्ट पर्सन’ नावाने पैसे पाठवले, गाव काय तर ‘सम प्लेस, युटा’, म्हणजे आपल्याकडे ‘कोणीतरी, रा. कुठेतरी’ लिहावं तसं, आणि कार्डातून पैसे गेले पण! कारण साधं आहे, कार्डाच्या बँकेकडे असलेला पत्ता आणि फॉर्मवरचा पत्ता जुळवून बघायची एक सोय असते, पत्ते जुळले नाहीत तर पेमेंट थांबवायचं का नाही हे पैसे घेणाऱ्याने ठरवायचं असतं. ओबामांच्या टीमचं म्हणणं होतं की आम्ही नंतर तपासतो आणि गडबड दिसली तर पैसे परत करतो. मला तर हे चोर गेल्यावर कुलूप लावण्यासारखंच वाटतं.

खरी गोम छोट्या रकमांत आहे. एका माणसाचे एकूण २०० डॉलरच्या वर गेले की नाव जाहीर करावं लागतं, त्याच्या आत सहसा कोणाला कळतही नाही, त्यात प्रीपेड गिफ्ट कार्ड असेल तर मग शोधत बसा.

आणि हो, तिकडे एच-वन-बी वर असलेला तुमचा भाऊ उत्साहात २५ डॉलर देणार असेल तर थांबवा त्याला, ग्रीन कार्डवाल्यांना चालतं, व्हिसावाल्यांना कायद्याने बंदी आहे.