घाणेरीचं लाकूड कामाला येतं का?

प्रश्न: ताई नमस्कार, आमच्या गावाला सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर सगळ्या गावाचा हक्क, मिळालाय पण निम्म्या जंगलात रायमुनिया, म्हणजे तुमची घाणेरी, माजलीय. गुरं खात नाहीत, तोडली की दुप्पट फुटते. कर्नाटकात म्हणे हिच्या खुर्च्या करतात, खरं आहे का? आणि पैसे मिळायला लागले तर लोक ती मुद्दाम ठेवतील का, ही पण भीती वाटते.
– एक वाचक, धारणी तालुका

उत्तर: दादा, अगदी खरं आहे. मले महादेश्वरच्या डोंगरात सोलिगा आदिवासी पूर्वी वेत-बांबूच्या वस्तू करायचे, तो माल मिळेनासा झाला आणि घाणेरी मात्र दारापर्यंत आली, तेव्हा 2004 च्या सुमारास बंगळूरच्या एट्री या संस्थेतल्या संशोधकांनी आणि या कारागिरांनी मिळून तिच्यावर हात बसवायला सुरुवात केली. आता खुर्च्या, स्टूल, टोपल्या सगळं होतं. तमिळनाडूत गुडलूरकडचे आदिवासी कारागीर तर घाणेरीचे खऱ्या मापाचे हत्ती बनवतात, 2021 ला ते लंडनच्या बागांमध्ये उभे होते आणि 2024 ला 100 हत्तींचा कळप अमेरिकेत गेला!

मी स्वतः ते काम बघितलंय. काटेरी चौकोनी फांद्या लांब पिंपात उकळतात, गरम असतानाच साल सोलायची, ती शेंगेची शीर ओढावी तशी सरसर निघते आणि आत पिवळसर गुळगुळीत काठी, जी गार व्हायच्या आत वाकवून बांधून ठेवायची. गार झाली की तो बाक कायमचा. आणि हिला वाळवी सहसा लागत नाही, घरातल्या वस्तूला अजून काय पाहिजे? उरलेला काडीकचरा त्याच पिंपाखाली जाळायला होतो.

आता तुमची भीती, आणि ती बरोबरच आहे. कारागिराला लागते जाड सरळ फांदी, तो वरून तोडतो, खाली खुंट राहतो आणि तोच खुंट दहा फुटवे काढतो. म्हणून माझं स्पष्ट मत, ग्रामसभेत नियमच करा की ज्याने फांदी न्यायची त्यानेच मूळ काढायचं. दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबूंनी सोपी पद्धत दाखवलीय, जमिनीखाली 3 ते 5 सेंमीवर मुख्य मूळ कुदळीने तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, म्हणजे परत फुटत नाही. हे फळं पिकायच्या आधी करा, नाहीतर ओढून नेताना तुम्हीच बी पसरवाल. पुढची दोन-तीन वर्षं पाऊस झाला की बुलबुल बसतात त्या झाडांखाली आधी बघा, रोपं तिथेच सापडतात, लहान असताना हाताने उपटतात. मोकळी झालेली जागा तशीच सोडू नका, गवत आणि तुमच्याकडचा बांबू लावा.

परवानगीचं म्हणाल तर 2006 च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाच्या, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातल्या ज्या मालावर तुमचा हक्क असतो त्याच्या, व्याख्येत बांबू, वेत यांच्याबरोबर झाडोरा आणि खुंट पण आहेत. तरी ग्रामसभेचा ठराव लिहून घ्या आणि व्यवस्थापन आराखड्यात घाला, म्हणजे कोणी गाडी अडवली तर हातात कागद असेल. आणि सुरुवातीला खुर्चीच्या मागे लागू नका, दोन-चार जण मले महादेश्वरच्या कारागिरांकडे जाऊन महिनाभर शिकून येऊ देत, आधी स्टूल जमला पाहिजे.