तेरा मसुदे

"मॅडम, मी भित्री आहे की स्वार्थी, तेवढं सांगा." समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या तिनं खुर्चीत टेकायच्या आधीच विचारलं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मित्रमंडळी एका प्रश्नावर ऑनलाइन मोहीम चालवत होती. रोज पोस्ट, रोज हॅशटॅग. एका मैत्रिणीनं लिहिलं होतं, 'जे गप्प आहेत ते समोरच्या बाजूचे.' ही गप्पच होती, म्हणून ते हिला लागलं होतं.

"स्वभावच अंतर्मुख, काय करणार" हे उत्तर ती सोबत घेऊनच आली होती, आणि पहिल्या भेटीत मीही ते मान्य करून टाकलं. घाई झाली माझी. दुसऱ्या भेटीत तिनं फोन पुढे केला. तेरा मसुदे, एकही न पाठवलेला. शिवाय एका टोपणनावाच्या खात्यावरून ती अनोळखी लोकांशी तासन्‌तास वाद घालत होती. मुद्देसूद, कधी चांगलीच तिखट! मामा, ऑफिसातले लोक जिथे वाचणार, फक्त तिथे बोट अडत होतं.

मानसशास्त्रात स्वभाव साधारण पाच अंगांनी पाहतात: नव्याविषयीचा खुलेपणा, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, जुळवून घेण्याची वृत्ती आणि भावनिक अस्थिरता. बहिर्मुख माणसाला चारचौघांत बोलून हुरूप येतो, त्यामुळे त्याचा सहभाग लगेच दिसतो. हिची गोष्ट चौथ्या अंगाची होती. मतभेद झाला की नातंच तुटेल, ही धास्ती. तिला भित्री म्हणणं मला पटेना, पण 'माझा स्वभावच असा' म्हणून सोडून देणंही पटत नव्हतं.

मी तिला हैतीचं सांगितलं. २०१० च्या भूकंपानंतर जगभरच्या स्वयंसेवकांनी घरी बसून, उपग्रहचित्रं पाहून ओपनस्ट्रीटमॅप या कुणीही भर घालू शकेल अशा ऑनलाइन नकाशावर तिथले रस्ते रेखाटले. ते नकाशे मदतपथकांनी वापरले. त्यात भाषण ठोकायची गरज कुणाला पडली नव्हती.

तिनं मोहिमेतली माहिती तपासायचं काम मागून घेतलं. दोन चुकीचे आकडे पोस्ट होण्याआधीच पकडले. मैत्रीण मात्र अजून फुरंगटलेलीच आहे.

तेरापैकी एक मसुदा तिनं शेवटी पाठवला. ग्रुपवर नाही, एकट्या मामाला. दोन दिवसांनी उत्तर आलं, 'वाचलं.' पुढच्या भेटीत त्या एका शब्दावर आम्ही पाऊण तास बोललो.