अर्धा न्यूट्रॉन कसा असेल?

“मॅडम, घरी सगळं येतं हो, पण पेपरात रसायनाचे प्रश्न कोरे ठेवून येते.” आठवी-नववीच्या मुलांच्या पालकांकडून ही तक्रार मी सतत ऐकते. अभ्यासात लक्ष नाही, मोबाइल फार झाला, आत्मविश्वास कमी आहे, अशी कारणंही पालकांनी शोधून ठेवलेली असतात. कधी ती खरीही असतात. मी मात्र आधी वही मागवते. पुष्कळदा भीतीला एक नेमकी जागा असते आणि ती वहीतच सापडते.

नववीतल्या एका मुलीचं असंच झालं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) गणितात चांगली, पण अणूचा धडा काढला की रडू कोसळायचं. वडिलांनी तर ठरवूनच टाकलं होतं, दहावीनंतर कॉमर्स.

वहीत न्यूट्रॉनची, म्हणजे अणूच्या केंद्रकातल्या प्रभार नसलेल्या कणांची, संख्या काढायची उदाहरणं होती. अणूच्या वस्तुमानाच्या आकड्यातून प्रोटॉनची, म्हणजे केंद्रकातल्या धन प्रभाराच्या कणांची, संख्या वजा करायची. सोडियम: 23 वजा 11, उत्तर 12. ऑक्सिजन: 16 वजा 8, उत्तर 8. दोन्ही बरोबर. मग क्लोरीन. 35.5 वजा 17, उत्तर 18.5. ते खोडलेलं. त्याखाली 19, तेही खोडलेलं. मग 18, आणि त्यावर इतक्या रेघा की कागद फाटला होता. त्यापुढची सोपी उदाहरणंसुद्धा तिने सोडून दिली होती.

“इथे काय झालं?” मी विचारलं. बराच वेळ ती गप्प. मग म्हणाली, “अर्धा न्यूट्रॉन कसा असेल? क्लासमध्ये विचारलं तर सगळे हसले. सर म्हणाले, पूर्णांक धर आणि पुढे चल. पण वरचा धरू की खालचा?”

ही मुलगी कच्ची नव्हती. वर्गात इतरांना न पडलेला प्रश्न तिला पडला होता आणि त्याचं उत्तर कुणी दिलं नव्हतं. अशा मुलांना “घाबरू नकोस, सोपं आहे” म्हणणं मला क्रूरपणाचं वाटतं. सोपं असूनही मला येत नाही, एवढंच त्यातून त्यांना ऐकू येतं.

मी रसायनशास्त्राची पदवीधर असल्यामुळे आम्ही तिथेच कागद घेऊन बसलो. अणुवस्तुमानांक म्हणजे केंद्रकातल्या प्रोटॉन आणि न्यूट्रॉनची एकूण संख्या, त्यामुळे तो पूर्णांकच असणार. मूलद्रव्यांच्या तक्त्यातलं 35.5 हे सरासरी अणुवस्तुमान. निसर्गातल्या क्लोरीनच्या दर चार अणूंपैकी साधारण तीन अणुवस्तुमानांक 35 चे, एक 37 चा. प्रोटॉन सगळ्यांत 17, न्यूट्रॉन मात्र तिघांत 18 आणि चौथ्यात 20. मी तिलाच सरासरी काढायला लावली. 18 त्रिक 54, अधिक 20, भागिले 4. उत्तर 18.5! ती आपल्या खोडलेल्या आकड्याकडे बघतच राहिली. सरासरी म्हणून तो आकडा बरोबर होता. एका अणूत मात्र 18 असतील नाहीतर 20.

मग इतर गाठीही सुटू लागल्या. सोडियमच्या धन आयनात, म्हणजे एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूत, इलेक्ट्रॉन 10, म्हणून ती 23 मधून 10 वजा करायची. वजा करायचे ते प्रोटॉन, म्हणजे अणुअंक. इलेक्ट्रॉन गेला तरी न्यूट्रॉन 12 च राहतात. साध्या हायड्रोजनचं उत्तर शून्य आल्यावरही मुलं बिचकतात, पण ते बरोबरच आहे.

ही वजाबाकी का करायची, हेही मी सांगितलं. हेलियमच्या केंद्रकावर प्रभार दोन प्रोटॉनांचा, वस्तुमान मात्र सुमारे चारांचं. उरलेलं वस्तुमान कुणाचं, हे कोडं शास्त्रज्ञांना कित्येक वर्षं छळत होतं. 1932 मध्ये जेम्स चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधला, तेव्हा ते सुटलं. हे ऐकताना तिने पेन खाली ठेवलं होतं.

आईला मी एकच गोष्ट सांगितली. ती अडली की उत्तर सांगायची घाई करू नका, आधी “नेमकं कुठे अडलं?” एवढंच विचारा आणि थांबा.

पुढच्या चाचणीत तिने एकही प्रश्न कोरा सोडला नाही. आयनाचं एक उदाहरण चुकलं. वडिलांनी फोनवर विचारलं, “मग आता सायन्सला घालायचं का?” मी म्हटलं, “दहावी होऊ द्या, आणि हे तिलाच विचारा.”