सेन्सरची परवानगी मध्येच काढून घेतली, तर कोडने काय करावे?

अ‍ॅक्सेलरोमीटरची (फोनची हालचाल व कल मोजणाऱ्या सेन्सरची) परवानगी वेब पानाच्या कोडने सुरुवातीला एकदा तपासली, पण पान उघडे असतानाच वापरकर्त्याने ती काढून घेतली तर ती तपासणी पुरेशी ठरते का, असे आपण विचारले आहे. ती पुरेशी ठरत नाही.

वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीच्या जेनेरिक सेन्सर एपीआयनुसार (वेब पानाने सेन्सर कसे वापरावेत याच्या मानकानुसार) परवानगी जाताच ब्राउझरने त्या प्रकारचे चालू असलेले सर्व सेन्सर ऑब्जेक्ट निष्क्रिय करून प्रत्येकावर 'एरर' इव्हेंट (कोडला मिळणारी सूचना) पाठवायचा असतो, आणि त्यात 'नॉटअलाउडएरर' (परवानगी नाही) असतो. त्यानंतर नवी मोजणी आल्याचे सांगणारे 'रीडिंग' इव्हेंट थांबतात आणि एक्स, वाय, झेड ही तीन दिशांची मूल्ये नल, म्हणजे रिकामी, होतात.

हे नल मला भोवले. इंदूरला मावसभावाच्या फर्निचरच्या कारखान्यासाठी मी फोनवर चालणारी पाणसळ करून दिली होती आणि तिचा काटा रंगवताना प्रत्येक फ्रेमला सेन्सरची मूल्ये थेट वाचत होतो. जावास्क्रिप्ट गणितात नलला शून्य मानते, त्यामुळे कोन काढणाऱ्या फंक्शनला दोन नल मिळाले की उत्तर नेमके शून्य अंश येते, म्हणजे पाणसळीच्या भाषेत अगदी सपाट. कोणीतरी सेटिंगमध्ये मोशन सेन्सर बंद केले आणि फळी तिरकी ठोकली गेली. मिस्त्री म्हणाले, "भैया, लेवल तो बराबर बता रहा था."

म्हणून रंगवण्यापूर्वी 'हॅजरीडिंग' (मोजणी हाती आहे का) पाहावे आणि 'एरर' येताच आकडा पुसून सेन्सर बंद असल्याचे स्पष्ट लिहावे. तिथूनच सेन्सर सुरू करणारे 'स्टार्ट' पुन्हा बोलावू नये, कारण परवानगी नसेल तर तोच 'एरर' परत येऊन चक्र सुरू होते. त्याऐवजी पुन्हा सुरू करण्याचे बटण द्यावे. 'नॉटरीडेबलएरर' मात्र वेगळा. तिथे सेन्सरच मिळालेला नसतो, तेव्हा वापरकर्त्याला सेटिंगमध्ये पाठवणे व्यर्थ.

जोडीला परवानगीची स्थिती सांगणाऱ्या परमिशन्स एपीआयचा 'चेंज' इव्हेंट ऐकावा. त्यात 'डिनाइड' (नाकारली) आहे का एवढेच न पाहता 'ग्रँटेड' (दिली) सोडून दुसरे काही आहे का, हे पाहावे. स्थिती 'प्रॉम्प्ट'वरही (पुन्हा विचारावे लागेल) जाऊ शकते. अ‍ॅब्सोल्यूट ओरिएंटेशन सेन्सरला (फोन कोणत्या दिशेला व कसा धरला आहे हे सांगणाऱ्या) अ‍ॅक्सेलरोमीटर, जायरोस्कोप आणि मॅग्नेटोमीटर अशा तीन परवानग्या लागतात, तेव्हा तिन्हींवर लक्ष हवे.

हालचाल सांगणाऱ्या जुन्या 'डिव्हाइसमोशन' इव्हेंटच्या पद्धतीत असा 'एरर' इव्हेंटच नाही. तिथे शेवटचा इव्हेंट केव्हा आला याची वेळ टिपून ठेवावी आणि, पान पडद्यावर दिसत असूनही बराच वेळ काही आले नाही, तरच सेन्सर बंद मानावा.